दोन टाळ्या

दिग्रस,
६ जानेवारी २०२५

साधना,

जय भीम. तब्येतीची चौकशी शेवटी करीन. आधी जाब विचारतो.

एक तारखेला दुपारी तुझी मोठीआई मोबाइल घेऊन माझ्यासमोर आली. चेहरा खुललेला. "पाहा तं, आपली पोरगी कशी दिसून राह्यली." मी पाहिलं. मागे लाल कमान, पुढे जाड दोरखंड टांगलेलं देऊळ. चाकाच्या खुर्चीत एक म्हातारी, आणि तिच्यावर वाकून, डोळे मिटून, हात जोडलेली माझ्या भावाची मुलगी. खाली तू लिहिलं होतंस, 'नव्या वर्षाचं पहिलं दर्शन.'

दर्शन!

एक जानेवारी हा कोणता दिवस आहे, हे आता मी तुला सांगायचं का? सात वर्षांची होतीस. भीमा कोरेगावच्या त्या गर्दीत माझ्या खांद्यावर बसून तू विजयस्तंभ पाहिलास. तुझी एक चप्पल पडली. रडली नाहीस, एका चपलेवर घोषणा देत परत आलीस. आणि यंदा त्याच दिवशी, त्याच वेळी, तू देवळाच्या रांगेत उभी होतीस. या वर्षी मी कोरेगावला गेलो नाही, थंडी बाधली होती. घरी होतो म्हणून हे पाहावं लागलं.

तुला जपानचं काम मिळालं तेव्हा मी चौकात उभं राहून सांगितलं होतं, "आमची मुलगी बुद्ध जिथे पोचला त्या देशात चालली." त्या देशात डोंगराएवढ्या बुद्धमूर्ती आहेत. आणि तुला सापडलं काय, तर शिंतोचं देऊळ! मी त्याबद्दल वाचलेलं आहे. राजाला सूर्यदेवीचा वंशज ठरवणारा धर्म. त्याच्या नावाने त्या देशाने शेजाऱ्यांवर सैन्यं घातली. देव कोणताही असो, त्याच्या पायाशी कोणीतरी चिरडलेलं सापडतंच.

बारा वर्षांची असताना तू विहारात बावीस प्रतिज्ञा न अडखळता म्हटल्यास. मी शेजारी उभा होतो. आईबाप गेल्यावर तू माझ्या घरात वाढलीस. मी तुला दागिना दिला नाही, शेत दिलं नाही. एवढंच दिलं. तेही तू त्या दोरखंडाला बांधून आलीस.

फोन करू नकोस. केलास तरी मी बोलणार नाही. जे सांगायचं ते कागदावर लिही. कागदावर लिहिलेलं नंतर नाकारता येत नाही.

तब्येत सांभाळ. तिकडे बर्फ पडतो म्हणतात.

उकंडा मोठेबाबा

---

शिकोकू, जपान,
२ फेब्रुवारी २०२५

मोठेबाबा,

जय भीम.

तुमचं पत्र मी संडासात बसून वाचलं, कारण खोलीत माझ्यासोबत दोन मुली असतात आणि मला रडताना कोणी पाहावं अशी इच्छा नव्हती. रडून झाल्यावर मला राग आला. तुमच्याकडूनच घेतलेला आहे, म्हणून तुमच्याच पत्त्यावर पाठवते.

आधी फोटोबद्दल. खुर्चीतल्या आजींचं नाव फुमी. वय एक्याण्णव. शाळेत शिक्षिका होत्या. आमच्या वृद्धाश्रमात मी ज्या सहा जणांचं बघते, त्यांतल्या एक. मी त्यांना भरवते, आंघोळ घालते, लंगोट बदलते. तीन वर्षांपूर्वी झटका आला आणि उजवी बाजू गेली. नव्या वर्षी देवळात जायचं त्या उभ्या जन्मात चुकल्या नाहीत. आश्रमाने मला सोबत पाठवलं. ती माझी ड्युटी होती.

तिथली रीत सांगते. कमानीतून शिरताना मधून चालायचं नाही. मधली वाट देवाची, माणसांनी कडेने जायचं. मग दगडी टाकीतलं पाणी लाकडी पळीने घ्यायचं. आधी डावा हात, मग उजवा, मग ओंजळीतल्या पाण्याने चूळ. शेवटी पळी उभी धरायची, म्हणजे उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळतं आणि दांडा पुढच्या माणसासाठी धुतला जातो. मोठेबाबा, मी त्या पळीकडे बघतच राहिले. माझ्या आधी एका सूटवाल्याने ती धरली होती, माझ्यानंतर एका बाईने धरली. कोणी माझं नाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही. आपल्या तालुक्यात अशी किती पाणवठ्यांची नावं सांगू शकाल?

मग देवासमोर दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, पुन्हा एकदा वाकायचं. आता फुमी आजी टाळी वाजवणार कशी? एक हात मेलेला. त्यांनी डावा हात वर उचलला आणि नुसता धरून ठेवला. मागे रांग खोळंबली होती. मी खाली वाकले आणि माझा उजवा तळवा त्यांच्या डाव्या तळव्यासमोर धरला. त्यांनी मारलं. एक. दोन. तुम्ही पाहिलात तो फोटो दुसऱ्या टाळीचा आहे. त्यातला एक हात माझा आहे, एक त्यांचा. मी हात जोडले नव्हते, उसना दिला होता.

'दर्शन' हा शब्द चुकला. कबूल. दुसरा कोणता जिभेवर आला नाही.

आता माझा जाब. मी तुम्हाला पाच वेळा फोन केला. चार वेळा तुम्ही कापला. पाचव्यांदा उचललात. मला तुमचा श्वास ऐकू आला, घरघर, आणि मग फोन बंद. म्हणजे माझ्यावर एक शब्दही वाया घालवायचा नाही, इतका राग? ज्या माणसाने बाजारच्या दिवशी चौकात उभं राहून तीन-तीन तास परक्या लोकांना समजावलं, त्याला घरच्या मुलीसाठी एक "हॅलो" निघत नाही?

मोठीआईला विचारलं तर ती म्हणते, "त्यायचं त्यायले माहीत." ती कधीपासून असं बोलायला लागली?

साधना

---

दिग्रस,
२६ फेब्रुवारी २०२५

साधना,

जय भीम.

हात उसना दिलास, हे वाचलं. दोनदा वाचलं. फोटो पाहून मी घाई केली. ते वाक्य मी मागे घेतो. फक्त ते.

पळीचा दांडा पुढच्या माणसासाठी धुवायचा, हेही मला आवडलं. पण मुळात देवाच्या दारात पाणी ठेवायचं कशाला? तहान लागली म्हणून प्यायला नाही. शुद्ध होण्यासाठी! जो दारातच "धुऊन ये" म्हणतो, त्याने मळ कोणाचा हे आधीच ठरवलेलं असतं. आज त्याने तुझं आडनाव विचारलं नाही, कारण तुझं आडनाव त्याला कळत नाही. तुझ्या जागी त्याच्या गावातलं कोणी असतं तर? त्या देशात मेलेलं जनावर सोलणारे, कातडं कमावणारे, प्रेतं उचलणारे लोक शेकडो वर्षं गावाबाहेर राहिले. नदीच्या पलीकडे. नावं वेगळी, वस्ती वेगळी, लग्नं वेगळी. कितीतरी ठिकाणी देवळाच्या उत्सवात त्यांना जागा नव्हती. हे मी पुस्तकात वाचलं. तू तिथे आहेस, तू माणसांत वाच. विचार तुझ्या फुमी आजीला, कमानीतून कोण आत जात नव्हतं.

आणि पाण्याचं मला शिकवू नकोस. तुझा पणजा, म्हणजे माझा आजा, गावात कोणाच्या घरी मौत झाली की सांगावा घेऊन निघायचा. ते त्याचं काम ठरलेलं. दिग्रसहून दारव्ह्यापर्यंत पायी, उन्हात. ज्या घरी सांगावा पोचवायचा, त्या घरच्या अंगणाबाहेर उभं राहून ओरडायचं. आतून बाई यायची आणि वरून पाणी ओतायची. तो ओंजळ धरायचा. जे ओंजळीत मावलं ते पोटात, बाकी पायावर. त्याच हातांनी त्याने गावातली मेलेली जनावरं ओढली. मौत दुसऱ्याच्या घरची आणि विटाळ आमच्या हातांना! सत्तावन्न साली त्याने दीक्षा घेतली आणि त्या दिवसापासून एकही जनावर ओढलं नाही, एकही सांगावा नेला नाही. गावाने वर्षभर किराणा बंद ठेवला. माझा जन्म त्याच्या पुढच्या सालचा. आधीची दोन भावंडं गेली होती, म्हणून मला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचललं आणि नाव ठेवलं उकंडा. लोक म्हणाले, सभेत बोलतोस, नाव बदल. मी म्हटलं, नाही. उकिरड्यावरून उठलेला माणूस स्टेजवर कसा चढतो ते पाहू द्या लोकांना.

फोनचं पुन्हा काढू नकोस. बोलण्यात माणूस वाहवत जातो, मी स्वतः तोच धंदा केला म्हणून मला माहीत आहे. लिहिलेलं बरं.

आणि टाळी वाजवून देवाला बोलवायचं? बहिरा आहे का तो?

मोठेबाबा

---

शिकोकू,
२३ मार्च २०२५

मोठेबाबा,

जय भीम.

विचारलं. आंघोळ घालताना विचारलं, कारण तेव्हा फुमी आजी सगळ्यात मोकळ्या असतात. त्यांनी डाव्या हाताने टबाची कड धरली. मग म्हणाल्या, "लहान असताना देवाची पालखी नदीच्या पुलापर्यंत जायची आणि परत फिरायची. पलीकडचे लोक त्यांच्या काठावर उभे राहून बघायचे. मुलंसुद्धा. मी आईला विचारलं, ती मुलं इकडे का येत नाहीत? आई म्हणाली, बोट दाखवू नकोस." थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं शिकवलं. पलीकडची मुलंही शिकवली. पण तो प्रश्न परत कोणाला विचारला नाही." आणि मला म्हणाल्या, "पाणी गार झालंय."

म्हणजे तुमचं पुस्तक खरं निघालं. पण पुढचं ऐका.

चार मेला इथला उत्सव आहे. त्या पालखीला मिकोशी म्हणतात. लाकडी, सोन्याच्या मुलाम्याची, चाळीस खांदे लागतात. आता गावात चाळीस खांदे उरले नाहीत. तरुण सगळे शहरात गेले. उत्सव समितीचे ओकामोतो नावाचे म्हातारे आश्रमात आले आणि मॅनेजरला म्हणाले, तुमच्या परदेशी मुली धडधाकट आहेत, द्या. पाच जणींना निवडलं. मी त्यात आहे. वस्तीचं नाव पाठीवर लिहिलेला निळा कोट मला दिलाय. निळा, मोठेबाबा! पालखी आता पूल ओलांडून पलीकडेही जाते, वीस-पंचवीस वर्षं झाली. फुमी आजींना खुर्चीत बसवून पुलावर आणायचं ठरलंय. मी उचललेली त्यांना बघायची आहे.

मी देव मानत नाही. पण ज्या पालखीजवळ आपल्यासारख्यांना उभं राहू दिलं नाही, ती माझ्या खांद्यावर येतेय. तुमच्या भाषणांतून मी हेच शिकले ना, की जिथे अडवलं तिथेच पाऊल टाकायचं?

तुम्ही "हो" म्हणावं असं फार वाटतं.

साधना

---

दिग्रस,
१५ एप्रिल २०२५

साधना,

नाही.

तू माझी भाषणं अर्धी ऐकलीस. जिथे अडवलं तिथे पाऊल टाकायचं, ते पाण्यावर. पाणी माणसाचं आहे. देव माणसाचा नाही. पाण्यासाठी आपण लढलो आणि देवळाकडे पाठ फिरवली, कारण देवळाचं दार उघडून घेतलं तरी आत उघडणारा तोच राहतो, आणि मनात आलं की बंद करणाराही तोच. आपल्या लोकांनी पालखीपुढे मशाली धरल्या, तेल ओतलं, हात भाजून घेतले. पालखीला खांदा मागायला आपण परत गेलो नाही. आपण पालखीच सोडली! आता त्यांना माणसं कमी पडली म्हणून तुझा खांदा चालतो. उद्या माणसं पुरली की? तुला मान दिला असं तुला वाटतं. मला दिसतं ते एवढंच, की मजूर मिळत नव्हते.

तू ते उचललंस तर मला पत्र लिहू नकोस. मी फोडणार नाही.

काल चौदा एप्रिल झाली. चौकात सभा मोठी झाली. या वर्षी मुख्य भाषण रोशनने केलं. आपला विहारातला रोशन, तुझ्या वर्गात होता तो. तरुणांना पुढे करायचं म्हणून मीच मागे बसलो. बरा बोलला. हात फार हलवतो.

मोठेबाबा

---

दिग्रस,
१७ एप्रिल २०२५

साधना बेटा,

मी अन्सारचाचा, लाऊडस्पीकरवाला. लिहिण्याची सवय नाई, समजून घेजो. तुह्या मोठेबाबाची पत्रं पोस्टात मीच टाकतो. या टायमाले त्यानं पाकीट पुढं केलं पण हातातून सोडेना, म्हणून मी वेगळं लिहून राह्यलो. त्याले माहीत नाई. कळलं तं मले मारीन.

बेटा, तो रागानं फोन उचलत नाई असं तुले वाटते. राग तं आहेच त्याले, राग गेला तं उकंडा कोण? पण गोष्ट वेगळी आहे. मागच्या वर्षी दसऱ्याच्या सभेपासून त्याचा आवाज बसला. आम्ही म्हटलं, ओरडून बसला असन. दिवाळीनंतर नागपूरले नेलं. बिड्यांनी घात केला. डिसेंबरात ऑपरेशन झालं, आवाजाची पेटीच काढून टाकली. गळ्याले भोक आहे, तिथून श्वास घेते. बोलता येत नाई. कधीच येणार नाई. भाभीले त्यानं बाबासाहेबाच्या फोटोपुढं उभं करून वचन घेतलं, पोरीले सांगायचं नाई. पाटीवर लिहून देल्लं, 'ती काम सोडून पळत येईल.'

तू पाचव्यांदा फोन केला तवा त्यानं उचलला होता. मी समोर होतो. तोंड उघडलं, गळ्यातून हवा निघाली, आवाज नाई निघाला. मग फोन ठेवला आन् भिंतीकडे तोंड करून बसला.

चाळीस वर्षं मी त्याच्यापुढं माइक लावला. "अन्सार, आवाज वाढव" म्हणे. चौदा तारखेला पण लावला, सवयीनं त्याच्या उंचीचा. तो आला, माइककडं पाह्यलं, आन् हातानं रोशनच्या उंचीचा करून देल्ला. बेटा, माह्या डोळ्यात पाणी आलं.

तुले जे करायचं ते कर. पण त्याले लिहिणं बंद नको करू.

तुहा,
अन्सारचाचा

---

शिकोकू,
६ मे २०२५

मोठेबाबा,

हे पाकीट फोडा. मी पालखी उचलली नाही.

सगळं क्रमाने सांगते, कारण राग अजून गेलेला नाही.

तीन तारखेला सकाळी फुमी आजी गेल्या. चहा पिता पिता मान कलली. इथे आम्हीच शेवटचं करतो. कोमट पाण्याने अंग पुसलं, नखं कापली, केस विंचरले. उजवा हात मूठ करून आखडलेला होता, तीन वर्षं तसाच होता. मी बोटं एकेक करून सोडवली. मेल्यावर तो हात उघडला.

दुसऱ्या दिवशी उत्सव. मला वाटलं, त्यांना बघायचं होतं, तर जावंच. तुमचं पत्र तोवर आलं नव्हतं. निळा कोट घालून सकाळी सातला कमानीत पोचले. ओकामोतो समोर आले. हसून, अगदी अदबीने, कमरेत वाकून म्हणाले, "साधनासान, काल तुम्ही प्रेताला हात लावलात ना? या वर्षी राहू द्या. देवाला चालत नाही. मृत्यूचा मळ असतो."

मोठेबाबा, परदेशी भाषा शिकताना मी आधी मनात मराठी करते. त्या वाक्याची मराठी करायची गरजच पडली नाही. ते आपल्याच भाषेत ऐकू आलं.

बाकी चौघी माझ्याकडे बघत होत्या. मॅनेजर जमिनीकडे. मग पुजारी आले, वयस्कर, भला माणूस. ते म्हणाले, "यात काही नाही, ती काही नातेवाईक नव्हे. मी हिच्यावरून कागदाच्या पट्ट्यांची काठी फिरवतो, दोन मिनिटांत शुद्ध होईल, मग उचलू दे." ओकामोतोंनी मान डोलावली. सगळ्यांना हायसं वाटलं. पुजाऱ्यांनी ती काठी उचललीसुद्धा.

मला तेव्हा तुमचा आजा दिसला. अंगणाबाहेर, ओंजळ धरून.

मी म्हटलं, थांबा. माझी जपानी मोडकी आहे. पण आवाज फुटला तो एवढा मोठा की ढोलवाले थांबले. मी म्हटलं, "काल मी फुमीसानना कोमट पाण्याने पुसलं. तुमच्या गावच्या शिक्षिकेला. तुमच्यातल्या किती जणांना त्यांनी शिकवलं? त्यांना पुसायला तुमच्यातलं कोणी आलं नाही, मी आले. ते काम मळाचं असेल तर ते तुम्ही मला का दिलंत? मी ते काम करते तेव्हा धडधाकट, आणि तुमच्या देवाला हात लावताना घाण? माझ्या हातांना काही झालेलं नाही. काठी खाली ठेवा. माझ्यावरून फिरवायची नाही."

पुढचे शब्द जपानीत आले नाहीत. ते मी मराठीत बोलले. पूर्ण बोलले. "माह्या पणज्यानं तुमच्यासारख्यायचे मुर्दे उचलले, विटाळ त्याले नाई, तुमाले होता!" कोणाला काही कळलं नाही. पण सगळे ऐकत होते.

मग मी कोट काढला. घडी घातली, वस्तीचं नाव वर येईल अशी, आणि ओकामोतोंच्या हातांत दिला. त्यांनी घेतला. काय करणार? आणि मी परत फिरले, कमानीतून बाहेर आले. कडेने नाही. मधून.

तुम्ही म्हणाला होतात, मनात आलं की दार बंद करणाराही तोच राहतो. खोलीवर आले तेव्हा ते पत्र दारात पडलेलं होतं. त्याच दिवशी! आणि त्याच्याखाली दुसरं पाकीट होतं. चाचांचं.

त्यांना मारू नका. मारायचं तर मला मारायला हवं, "एक हॅलो निघत नाही का" असं मी लिहिलं होतं. पण मीही चिडलेय, मोठेबाबा. तुम्ही माझ्याशी खोटं बोललात. "थंडी बाधली." "तरुणांना पुढे केलं." मला दूर ठेवून कशापासून वाचवत होतात? दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांचं सगळं करणारी मुलगी आणि स्वतःच्या घरच्या माणसाचा आवाज गेला हे तिला माइकवाल्याकडून कळतं.

पंचवीस मेला रविवार आहे. संध्याकाळी सहाला मी फोन करीन. उचलायचा. बोलायचं मी. तुम्ही फक्त टाळी वाजवायची. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. आता बहिरा कोण, ते मला विचारू नका.

साधना

---

दिग्रस,
२६ मे २०२५

साधना,

जय भीम.

आधी एक गुन्हा कबूल करतो. कालचा फोन मी घरी घेतला नाही. विहारात घेतला. रविवारची वंदना संपली होती, सगळे बसलेले होते. अन्सारने फोन स्पीकरवर टाकून माइकसमोर धरला. चौदा एप्रिलला जे मला करता आलं नाही ते तुझ्याकडून करून घेतलं, तुला न विचारता. चिडायचं तर चीड. हक्क आहे तुझा.

तू विचारलंस, "मोठेबाबा, आहात का?" मी एक टाळी वाजवली. तू विचारलंस, "अजून राग आहे?" एक. "माझ्यावर?" दोन. मग तू विचारलंस, कोणावर? त्याचं उत्तर टाळीने देता येत नाही, म्हणून हा कागद.

मला राग आहे त्या अदबीचा. शिवी देणारा परवडतो, त्याच्यावर हात उचलता येतो. कमरेत वाकून, हसून "राहू द्या" म्हणणारा सगळ्यात जुना आहे, आणि तो कुठल्याही देशात जन्मतो. मला राग आहे त्या भल्या पुजाऱ्याचा. तो तुला आत घेत होता, आणि आत घेण्यासाठी आधी तुला घाण ठरवत होता. मला राग आहे त्या बिड्यांचा. आणि स्वतःचा. आयुष्यभर लोकांना सांगितलं, लपवू नका, बोला, आणि गळ्यावर रुमाल बांधून सहा महिने तुझ्यापासून लपलो. तू पळत येशील अशी भीती होती हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं हे की आवाजाशिवाय मी तुला कोण वाटीन, याची खात्री नव्हती.

पालखीबद्दल मी बरोबर होतो. ते सोडत नाही. पण मी सांगितलं म्हणून तू थांबली नाहीस, माझं पत्र पोचायच्या आधीच थांबलीस. म्हणून मी जिंकलो असं म्हणता येत नाही, आणि त्याचा मला कधी नव्हे एवढा आनंद आहे.

काम टाकून येऊ नकोस. काम संपव, मग ये. फोन दर रविवारी कर. अन्सार म्हणतो, यापुढे स्पीकरवर टाकणार नाही. त्याचं मी खरं धरत नाही, तूही धरू नकोस.

आता शेवटचं. काल तू जेव्हा उत्सवात मराठीत जे ओरडलीस ते पुन्हा सांगत होतीस, पणज्याचं, तेव्हा विहारात सगळे माइककडे सरकले होते. तुझी मोठीआई पदर तोंडात धरून बसली होती. रोशन हात न हलवता उभा होता. मग तुझा आवाज एकदम लहान झाला आणि तू विचारलंस, "मोठेबाबा, एक जानेवारीला मी फुमी आजीला हात दिला, त्या देवळात, त्या देवापुढं टाळी वाजवली. ते चुकलं का माझं?"

मी हात उचलले. पण मी वाजवायच्या आत मागची बाई टाळ्या वाजवू लागली, मग रांग, मग सगळा विहार. छपराचे पत्रे वाजले. थांबेनात. आणि त्या गदारोळात तिकडून तू ओरडत होतीस, "मोठेबाबा, किती वाजवल्या? मले मोजता येऊन नाई राह्यलं! किती?"

मग लाइन तुटली.

दोन, बेटा. दोन.

उकंडा मोठेबाबा